तिकिटावरची वेळ कुठली?

मैत्रिणींनो, आपल्या गटातल्या काही घरची माणसं दुबईला कामाला आहेत. मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे १,९०० किलोमीटर, विमानाला साधारण तीन तास लागतात. मग सकाळी १० ला निघालेलं विमान तिकिटावर साडेअकराला पोहोचतं कसं? दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, आणि तिकिटावर त्या-त्या शहराची वेळ असते. येताना उलट. तिथून १५ तारखेला रात्री १० ला सुटलेलं विमान मुंबईत रात्री अडीचच्या सुमारास उतरतं, तेव्हा १६ तारीख लागलेली असते. म्हणून आम्ही गटात सांगतो, आणायला गाडी ठरवताना उतरायची तारीख-वेळ बघा. गाडी मात्र १५ च्या रात्रीच घरून निघायला हवी.