वय विचारा, कागद ठेवून घेऊ नका

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. आई मात्र सांगायची, ‘गौरी जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी तू झालास.’ वडील शाळेत नाव घालायला घेऊन गेले. गुरुजींनी पोर किती उंच आहे ते पाहिले, शाळा जूनमध्ये सुरू होते हे लक्षात घेतले आणि तारीख लिहून टाकली. माझ्या पिढीतले असे ‘एक जूनवाले’ महाराष्ट्रात गावोगाव आहेत. पुढे पॅनपासून आधारपर्यंत तीच तारीख चालत आली. कागदावरचे वय आणि खरे वय यांच्यातल्या अंतराचे कुतूहल मला तेव्हापासूनचे. अलीकडे त्या कुतूहलाला बोच लागली.

बदलापूर पूर्वेला आमच्या मजल्यावर नववीतला एक मुलगा राहतो. एका दुपारी तो मोबाइल घेऊन आला. ‘काका, जरा कॅमेऱ्यात बघता? आता मान डावीकडे. आता उजवीकडे.’ मी बघितले. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि तो पळाला. खेळता खेळता गप्पा मारायच्या एका अ‍ॅपने त्याच्याकडे वयाची पडताळणी मागितली होती, हे मला नंतर कळले. दहा सेकंदांत मी दोन उद्योग केले होते. माझा चेहरा कुठल्याशा कंपनीच्या हाती दिला होता आणि चौदा वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या खोलीचे दार उघडून दिले होते. ही पडताळणी नेमके कोणाचे रक्षण करते, हे समजून घ्यायला मी त्या दिवसापासून बसलो.

अशा अ‍ॅपवर वय तपासण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, स्वतः सांगणे. जन्मसाल निवडायचे आणि पुढे जायचे. यात खोटे बोलणे सोपे, पण द्यावे लागते फार थोडे. दुसरा, सरकारी ओळखपत्राचा फोटो. यात विचारायचे असते वय. हातात पडते नाव, फोटो, पत्ता, क्रमांक असे सगळेच. तिसरा, चेहऱ्यावरून अंदाज. रेल्वेत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट लागते आणि आईच्या मांडीवरचे पोर पाचाच्या आतले की बाहेरचे, हे टीसी नजरेने ठरवतो. यंत्र तेच करते आणि टीसीसारखेच चुकते. सतरा आणि एकोणीस यांतला फरक चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. अंदाज चुकला की दाद मागावी लागते आणि त्यासाठी बहुधा पुन्हा ओळखपत्रच द्यावे लागते.

यात एक गोम आहे. मुले कोण हे शोधायचे तर प्रत्येकालाच वय विचारावे लागते. म्हणजे मुलांसाठीचा नियम प्रत्यक्षात सर्वांची ओळख गोळा करतो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. ‘रोब्लॉक्स’ या मुलांच्या लाडक्या खेळात जानेवारी २०२६ पासून गप्पांसाठी वयाची तपासणी जगभर लागू झाली. हेतू रास्त आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘डिस्कॉर्ड’ने जाहीर केले, की ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीवरील हल्ल्यात सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. वयाबाबत दाद मागणाऱ्यांनी ते दिले होते. पासवर्ड बदलता येतो; चेहरा आणि जन्मतारीख बदलता येत नाही.

आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो. मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती हवी, असे त्याचे नववे कलम सांगते. मुलांवर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांना तेच कलम मनाई करते. ही त्याची जमेची बाजू. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने मिळाले. नियमांत शाळा, रुग्णालये, पाळणाघरे यांना काही सवलती आहेत. गप्पांच्या अ‍ॅपना नाहीत. मग ज्या मुलीला घरातल्याच माणसाचा त्रास आहे, तिने कोणाशी बोलण्याआधी त्याच घरातून संमती आणायची का?

टोपणनाव ही लबाडांचीच सोय असते असे नाही. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्रे आली, ती ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या इंग्रजी नावाने. लिहिणारी होती मुंबईची रखमाबाई. तिचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते, आणि नांदायला यावे म्हणून नवऱ्याने तिच्यावर दावा लावला होता. पत्राखाली नाव घालण्याची सक्ती असती, तर ती पत्रे लिहिली गेली असती का?

खासगीपणाची ढाल मात्र चुकीच्या हातीही जाते, हेही त्याच काळाने दाखवले. १८९१ च्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेले. टिळकांसह अनेकांनी कडवा विरोध केला. विरोधकांचा एक मुद्दा असा, की जन्माची धड नोंद नसताना वय ठरवणार कसे? पोलीस घरात शिरतील, मुलींची वैद्यकीय तपासणी होईल. प्रश्न खोटा नव्हता. पण त्याच्या आडून बालवधूंवरचा अत्याचार झाकला जात होता. तेव्हा काळजी घराण्याच्या खासगीपणाची होती, मुलीच्या नव्हे. म्हणून आज ‘खासगीपणा’ हा शब्द उच्चारताना मी आधी विचारतो, कोणाचा?

बदलापुरात तर हे विचारावेच लागते. २० ऑगस्ट २०२४ रोजी दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराच्या संतापाने आमचे गाव रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या थांबल्या. मुलांच्या सुरक्षेची कळकळ आम्हाला कोणी शिकवायला नको. पण त्याच प्रकरणात लागू झालेला २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा काय म्हणतो? त्याच्या २३ व्या कलमानुसार पीडित मुलाचे नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार, यांतले काहीही माध्यमांनी उघड करायचे नाही. मुलाला जपायचे तर त्याची ओळख जपावी लागते, हे कायद्याला ठाऊक आहे. तेव्हा मुलांची सुरक्षा आणि खासगीपणा यांतले एकच मिळेल, असे कोणी म्हटले तर ते मानू नये.

वाट आहे. लोकलमध्ये टीसी पास बघतो आणि परत देतो. खिशात घालत नाही, झेरॉक्स काढत नाही. तसेच इथे करता येते. ज्याच्याकडे माझी जन्मतारीख आधीच आहे, त्या विश्वासू यंत्रणेने अ‍ॅपला फक्त ‘अठरा पूर्ण’ किंवा ‘नाही’ एवढेच कळवायचे. युरोपीय महासंघाने जुलै २०२५ मध्ये अशा सोयीचा आराखडा पुढे केला. आपल्या नियमांतही डिजिलॉकरसारख्या सेवेने दिलेले आभासी टोकन चालते. दोन अटी मात्र हव्यात. ते टोकन मी कुठे वापरले हे देणाऱ्याला कळू नये, आणि घेणाऱ्याने काहीही साठवू नये. नाहीतर आज अनेक कंपन्यांकडे विखुरलेली आपली वही उद्या एकाच कपाटात जाईल. शिवाय टोकन मूल आणि मोठे वेगळे करील. मोठ्यांतला वाईट माणूस ओळखणार नाही. त्यासाठी तक्रार तत्परतेने ऐकणारी माणसेच लागतात.

त्या संध्याकाळी मी मुलाच्या आईला सगळे सांगितले. ती म्हणाली, ‘भाऊ, तो मला विचारत नाही, मी रागावते म्हणून. निदान तुमच्याकडे तरी आला.’ आम्ही तिघांनी बसून ते खाते बंद केले आणि त्याच्या खऱ्या वयाचे नवे उघडले. माझा चेहरा पुसून टाका, असे मी कंपनीला कळवले. ‘तुमची विनंती मिळाली’ असे यंत्राचे उत्तर आले. पुढे काही नाही. मुलगा आता अधूनमधून येऊन सांगतो, आज अमक्याने असे विचारले, उत्तर देऊ का? तेवढ्यासाठी त्याने माझ्याकडे कधी दाखला मागितलेला नाही.