छोटं इंजिन थांबलं? आधी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा!

परदेशातल्या मामाने भाच्यासाठी विजेवर चालणाऱ्या आगगाडीचा संच आणावा, सुट्टीत दिवाणखान्यात रूळ मांडले जावेत, घरातल्या लहानथोरांनी जमिनीवर पालथं पडून गाडी बघावी आणि आठवड्याभरात इंजिनाने मधेच मान टाकावी... पुढचं ठरलेलं असतं. घरातला एखादा हौशी तंत्रज्ञ इंजिन उघडतो, एक बारीकशी स्प्रिंग टुणकन उडून सोफ्याखाली जाते आणि शोकेसमध्ये आणखी एका शोभेच्या वस्तूची भर पडते.

हळहळ वाटते ती याची, की यातली बरीच इंजिनं ठणठणीत असतात. बिघाड असतो तो बाहेर. आणि आपल्याकडे या इंजिनांचे सुटे भाग सहजासहजी मिळत नाहीत, त्यामुळे उघडण्याच्या नादात तुटलेला दाता किंवा हरवलेली स्प्रिंग म्हणजे गाडी कायमची यार्डात. म्हणूनच शोध बाहेरून आत घ्यायचा, आतून बाहेर नाही.

एवढंसं इंजिन धावतं कसं, ते आधी बघू. घरगुती संच बहुधा 'एचओ' मापाचे, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. इंजिनात बॅटरी नसते. १२ व्होल्टपर्यंतचा डीसी प्रवाह एका रुळातून चाकात, चाकाला टेकलेल्या पातळ पत्र्याच्या पट्टीतून मोटरमध्ये आणि तिथून दुसऱ्या बाजूच्या चाकांवाटे दुसऱ्या रुळात जातो. हा फेरा कुठेही तुटला की गाडी थांबली!

तो कुठे तुटला हे कळायला दोन स्वस्त साधनं पुरतात. एक, स्कूटरच्या मीटरमधला १२ व्होल्टचा चिमुकला दिवा. त्याच्या दोन वायरी दोन रुळांना टेकवा आणि कंट्रोलर सुरू करा. दिवा लागला नाही तर इंजिन बिचारं निर्दोष आहे. दोष ट्रान्सफॉर्मरचा, वायरीचा किंवा रुळाला वीज देणाऱ्या क्लिपचा. दिवा क्लिपजवळ लख्ख आणि लांब गेल्यावर मंद होत असेल, तर रूळ जोडणारी पितळी पट्टी कुठेतरी सैल झालेली आहे. दुसरं साधन ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. दोन वायरींनी ती इंजिनाच्या डाव्या आणि उजव्या चाकांना लावायची. मोटर गुरगुरली तर इंजिन जिवंत! (मार्कलिन किंवा लायोनेल या कंपन्यांची जुनी इंजिनं एसीवर चालतात, त्यांची रचना वेगळी. ही बॅटरीची परीक्षा त्यांना लावू नये. डिजिटल इंजिनांनाही नको. त्यांच्या बाबतीत कंट्रोलरवर इंजिनाचा क्रमांक बरोबर आहे ना, ते आधी पाहावं.)

दिवाही लागतो, बॅटरीवर मोटरही चालते, तरी गाडी हलत नाही? मग गुन्हेगार एकच, मळ. धावताना चाक आणि रूळ यांच्यामध्ये बारीक ठिणग्या उडतात. त्यांची काजळी, इंजिनातून झिरपलेलं तेल आणि घरातली धूळ यांचा काळा थर रुळाच्या माथ्यावर बसतो. गाडी जमिनीवर मांडलेली असेल तर सतरंजीचे धागे आणि केसही त्यात सामील. बोटाने जरा ढकललं की इंजिन चालतं आणि पुन्हा अडतं, ही या दुखण्याची खूण. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावं, गाडीची वीज बंद करावी आणि रुळांचे माथे पुसत जावं. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास देवघरातला दिवाही नको, कारण हे द्रव चटकन पेट घेतं. चाकं मात्र कानकोरण्याच्या कापसाने, हलक्या हाताने पुसायची. सँडपेपर किंवा भांडी घासायची तारेची घासणी यांचा मोह टाळलेला बरा. सँडपेपरच्या ओरखड्यांत मळ दुप्पट वेगाने साठतो आणि घासणीचे लोखंडी कण मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

कंट्रोलर सुरू करताच खटका पडत असेल तर आधी रुळांवर नजर फिरवावी. घसरलेलं चाक, आईची हेअरपिन किंवा एखादं नाणं दोन्ही रुळांवर आडवं पडलेलं सापडतं.

अमेरिकेहून आलेल्या संचांची कहाणी मात्र जरा गंभीर. तिथली घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिथला ट्रान्सफॉर्मर पिनचा अडॅप्टर लावून थेट आपल्या सॉकेटमध्ये खुपसला की काही मिनिटांत जळका वास येतो. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही! तेव्हा पहिल्यांदा खोक्यामागचे आकडे वाचावेत. तिथे फक्त १२० लिहिलेलं असेल तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच. एकदा जळलेला ट्रान्सफॉर्मर घरी उघडू नये. त्यात घरातली पूर्ण वीज खेळते आणि हा खेळ लहान मुलांच्या हातातला आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत त्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच अँपिअरचा दुसरा शोधावा. इंजिन वाचलेलं असण्याची आशा असते.

एवढं सगळं करूनही इंजिन ढिम्म असेल, तर मग ते उघडायला हरकत नाही. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण चाकं स्थिर, म्हणजे दात्याचं चाक तडकलं किंवा निसटलं. आवाजच नाही आणि मोटर गरम होते, म्हणजे कुठेतरी केस गुंडाळला गेलाय किंवा जुनं ग्रीस सुकून डिंकासारखं घट्ट झालंय. अशा वेळी ताबडतोब वीज बंद करावी, नाहीतर मोटरची तार जळते. आवाज नाही, उष्णताही नाही, तर बहुधा कार्बन ब्रश झिजलेले असतात. इंजिन पांढऱ्या टॉवेलवर, ताटात ठेवून उघडावं म्हणजे उडालेली स्प्रिंग घरभर शोधावी लागत नाही. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. सुकलेलं ग्रीस लाकडी टूथपिकने खरवडावं. खोबरेल तेल अजिबात नको, थंडीत ते आत थिजतं. प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल सुईच्या टोकावर येईल तेवढंच, तेही फक्त आसांच्या टोकांना. कार्बन ब्रशना तेलाचा थेंबही लागता कामा नये.