कानाला कळलेलं टिकतं कशात?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. कुठे थांबायचं हे त्याचा कान सांगतो. २०२४ मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या कानांमुळेही. पोरवयात वडिलांशेजारी बसून शिकलेलं हे ज्ञान साठीतही शाबूत असतं. मेंदूतली बहुतेक प्रथिनं मात्र काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. मग आठवण टिकते कशी? फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला होता.

शिकताना दोन चेतापेशींमधला सांधा, म्हणजे सिनॅप्स, बळकट होतो. संदेश झेलणाऱ्या पेशीत कॅल्शियम शिरतं, कॅल्मोड्युलिनला चिकटतं आणि ही जोडी ‘कॅम-के-टू’ नावाच्या विकराला जागं करते. त्याचे १२ घटक कडं करून बसलेले असतात. जागा झालेला घटक शेजाऱ्याच्या २८६ क्रमांकाच्या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतो, त्यामुळे कॅल्शियम ओसरल्यावरही विकर काही काळ जागंच राहतं. स्वतःला असं जागं ठेवणारं विकर हीच आठवणीची खूण असावी, असं जॉन लिस्मन यांनी १९८५ मध्ये सुचवलं. १९९२ मध्ये या विकराचा मुख्य प्रकार नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांचे सिनॅप्स नीट बळकट होईनात आणि जागा लक्षात ठेवणंही त्यांना जमेना.

कल्पना देखणी होती. पण २००९ मध्ये जिवंत सिनॅप्समध्ये मोजलं, तेव्हा विकराची जाग मिनिटभरातच ओसरताना दिसली. बळकटी मात्र टिकून होती.

उत्तराचा धागा आधार-प्रथिनांकडे जातो. १९९२ मध्येच मेरी केनेडी यांच्या प्रयोगशाळेने ‘पीएसडी-९५’ हे प्रथिन ओळखलं. पेशीच्या पडद्यात भटकणारे, संदेश टिपणारे ग्राही (रिसेप्टर) सिनॅप्सपाशी धरून ठेवण्याचं काम त्याच्याकडे आहे. ‘सिनगॅप’ नावाचं प्रथिन त्याला चिकटून वाढीला लगाम घालतं. कॅम-के-टूने फॉस्फेट चढवला की सिनगॅप तिथून पांगतं आणि सिनॅप्सला वाढायला वाव मिळतो.

कॅम-के-टू स्वतःही एका ग्राहीला जाऊन चिकटतं. त्या ग्राहीवर ते फॉस्फेट कुठे चढवतं, ती जागा १९९६ मध्ये शोधणाऱ्यांत आर. व्ही. ओमकुमार होते, पुढे तिरुवनंतपुरममध्ये त्यांनी याच जोडीवर काम केलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी विकराचं रासायनिक काम बंद पाडलं, पण त्याचं चिकटणं चालू ठेवलं. तरीही सिनॅप्स बळकट झाला! गवंडीच परांचीचा बांबू होऊन उभा राहावा, तसं हे आहे. मला या साऱ्या कथेत हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. सिनगॅपच्या पांगण्याशी त्याचा मेळ कसा घालायचा, यावर मात्र अजून वाद आहे.

हा वाद प्रयोगशाळेपुरता नाही. सिनगॅपच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी बिघडली, तरी मुलाचा बौद्धिक विकास अडतो आणि बऱ्याचदा फेफरंही येतं. हे २००९ पासून माहीत आहे. उरलेल्या चांगल्या प्रतीकडून जास्त प्रथिन बनवून घेता येईल का, याचे प्रयत्न आता चालू आहेत.