वकिलात कोणाची?

परमुलखात गेलेल्या माणसाच्या पाठीशी त्याच्या देशाची वकिलात उभी असते, असे आपण समजतो. पण देशच गुलाम असेल तर? आणि त्या गुलाम देशातही जो गावकुसाबाहेरचा, त्याचे म्हणणे मांडायचे कोणी? दक्षिण आफ्रिकेतील भारतीय मजुरांचा इतिहास या दोन प्रश्नांसाठी पुन्हा वाचला पाहिजे.

१८६० ते १९११ या काळात सुमारे दीड लाख भारतीय करारबद्ध मजूर म्हणून नाताळमध्ये, मुख्यतः ऊसमळ्यांवर, नेले गेले. बहुसंख्य मद्रास बंदरातून गेले. त्यांत पारैयर, माला अशा अस्पृश्य जातींची माणसेही होती. घाम हवा होता तोवर परवान्याची अडचण आली नाही. करार संपवून तिथेच राहिलेला मजूर मात्र गोऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागला. १९१३ च्या कायद्याने नव्या भारतीयांना दार बंद झाले. १९१४ च्या कायद्याने, अधिवासाचा हक्क सोडून देईल त्याला मायदेशी जाण्याचे भाडे देऊ केले.

१९२७ साली दोन्ही सरकारांत केपटाउन करार झाला. भारतीयांना वेगळ्या वस्त्यांत कोंडणारे विधेयक दक्षिण आफ्रिकेने मागे घेतले. बदल्यात, परत जाणाऱ्या प्रौढाला वीस पौंड आणि मुलाला दहा पौंड देण्याची योजना भारत सरकारने मान्य केली. तीन वर्षांत परतला नाही, तर त्याचा तिथला हक्क संपला. परतायचे तर घेतलेले पैसे फेडायचे.

याच करारातून भारताचा प्रतिनिधी तिथे गेला. भारत राष्ट्रसंघाचा सभासद होता खरा, पण त्याचे परराष्ट्र धोरण लंडनच्या हाती होते. म्हणून तो राजदूत नव्हे, नुसता 'एजंट'. पहिले एजंट श्रीनिवास शास्त्री. त्यांनी दरबानमध्ये भारतीय मुलांच्या शिक्षणासाठी खटपट केली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण देशाच्या अब्रूची भाषा बोलणाऱ्या या वकिलातीने परतणाऱ्या मजुराला कोणत्या गावात पाठवले?

१९३१ साली भवानी दयाल संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी परतलेल्यांच्या हालांवर अहवाल प्रसिद्ध केला. समुद्र ओलांडलेल्यांना, जातीबाहेर लग्न केलेल्यांना गाव स्वीकारीत नव्हते. तिथे जन्मलेल्या मुलांना तर हा देशच परका होता. फिजी, त्रिनिदाद, ब्रिटिश गयाना येथून परतलेले कित्येक जण कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जमध्ये, पुन्हा जहाज मिळेल या आशेने, दैन्यात पडून होते. ज्या मळ्यांवर चाबूक होता तिकडेच ही माणसे परत जाऊ पाहत होती. यातच आपल्या समाजव्यवस्थेवरचा निकाल आहे.

१९४१ मध्ये एजंटाचा उच्चायुक्त झाला. १९४६ मध्ये भारतीयांच्या जमीनहक्कावर घाला घालणारा कायदा आला, तेव्हा उच्चायुक्त, वऱ्हाडचे रामराव देशमुख, यांना भारताने परत बोलावले, व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. ते योग्यच झाले. वर्णभेदाविरुद्ध जगाच्या चावडीवर आपण बोललो. परंतु ज्याला मायदेशात उतरल्यावर जात विचारली गेली, त्याची तक्रार नोंदवून घेणारी वकिलात कोणत्याच राजधानीत नव्हती. ती त्याला स्वतःच संघटित होऊन उभी करावी लागते.