दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या घरीं

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ कोंकणच्या किनाऱ्यावर आदळलें आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली-मंडणगड भागांत विजेचे खांब उन्मळून पडले. टाळेबंदीमुळें त्या वर्षीं मुंबई-पुण्याची कित्येक नोकरदार मंडळी गांवच्या घरून कचेरीचें काम करीत होती. असें वादळ क्वचित् येतें. पण पावसाळ्यांत संपर्क मधेंच तुटणें हें आमच्या कोंकणांत नित्याचेंच. म्हणून दूरच्या लिनक्स सर्व्हरवर काम करूं इच्छिणाऱ्यानें प्रथम हें विचारावें कीं, संपर्क तुटला तर हातांतल्या कामाचें काय होईल?

सर्व्हर म्हणजे दूर कोठें तरी अहोरात्र चालणारा संगणक. त्याला बहुधा स्वतःचा पडदा नसतो. लेखी आज्ञांवर तो काम करतो. खरें सांगावयाचें तर पुष्कळ कामांना तेवढेंच पुरतें. परंतु नकाशे, आलेख किंवा चित्रें हाताळावयाचीं असतील, तर डोळ्यांपुढें पडदा हवा.

अमेरिकेंतील एम्.आय्.टी. या संस्थेंत १९८४ साली निघालेल्या 'एक्स' पद्धतींत कार्यक्रम तिकडे चालतो आणि त्याची खिडकी इकडे उमटते. मात्र कार्यक्रम आपल्या पडद्याशीं बांधलेला असल्यामुळें संपर्क गेला कीं बहुधा तोही जातो. इंग्लंडांतील केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेंत तयार होऊन १९९८ मध्यें सर्वांस खुली झालेली 'व्हीएनसी' पद्धति निराळी आहे. तींत सर्व्हरच्या स्मृतींत एक काल्पनिक पडदा उभा राहतो व आपणांकडे येतें तें त्याचें केवळ चित्र. खिडकी लावली म्हणून घरांतला स्वयंपाक थांबत नाहीं, तसेंच हें. कोंकणांतून काम करणाऱ्यानें हीच पद्धति पत्करावी, असें माझें स्पष्ट मत आहे.

सर्व्हरवर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप व टायगर-व्हीएनसी बसवावें. पहिल्या काल्पनिक पडद्याचें दार, म्हणजे पोर्ट, ५९०१ क्रमांकाचें असतें. तें जगाला उघडें ठेवणें म्हणजे चोरास आमंत्रण होय. कारण व्हीएनसीच्या जुन्या पद्धतींत परवलीच्या शब्दाचीं पहिलीं ८ अक्षरेंच काय तीं तपासलीं जातात. तें दार सर्व्हरच्या आंतूनच उघडेल असें ठेवावें आणि १९९५ मध्यें फिनलंडांत जन्मलेल्या एसएसएचच्या गुप्त बोगद्यानें आपल्या संगणकाचें ५९०१ क्रमांकाचें दार त्यास जोडावें. मग चित्र पाहण्याच्या साधनास सर्व्हरचा नव्हे, तर आपल्याच संगणकाचा पत्ता द्यावयाचा. पुष्कळजण नेमके येथें अडतात.

संपर्क मंद असेल तर पडद्यामागील शोभेचें चित्र काढून एकरंगी पार्श्वभूमि ठेवावी. मराठी अक्षरांऐवजीं चौकोन दिसूं लागले तर घरचा संगणक तपासण्यांत वेळ दवडूं नये. चित्र तिकडेच काढलें जातें, म्हणून 'लोहित'सारखा देवनागरी टंकही सर्व्हरवरच बसवावा लागतो.

काम सोडून उठतांना पाहण्याची खिडकी नुसती मिटावी. 'लॉग आउट' केल्यास तो काल्पनिक पडदा मावळतो आणि त्यावर चाललेलें कामही त्याबरोबर थांबतें.