बर्फाळ घाटातली दुचाकी

मोटारसायकल रस्त्याला टेकते ती फक्त दोन ठिकाणी, आणि यातली प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी असते. वेग घेणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही कामांसाठी लागणारी पकड तेवढ्याच जागेतून मिळवावी लागते. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणगुणांक साधारण ०.७ असतो. ओल्या डांबरावर तो ०.४ ते ०.५ पर्यंत उतरतो, वाहनांखाली दबून घट्ट झालेल्या हिमावर ०.२ च्या आसपास येतो आणि गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहूनही खाली जातो. सह्याद्रीच्या घाटांत पावसाळाभर गाडी चालवलेल्या स्वाराचा अंदाज लडाख किंवा स्पितीत चुकतो तो इथेच. ओल्या रस्त्यावर निम्म्याहून अधिक पकड शिल्लक असते. बर्फावर जेमतेम सातवा हिस्सा उरतो.

या आकड्यांचा अर्थ थांबायच्या अंतरात दिसतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरमध्ये थांबू शकते. गुणांक ०.१ असेल तर तिला ६३ मीटर लागतात. वेग निम्मा, म्हणजे २० केला, की हेच अंतर १६ मीटरवर येते. वळणाचेही तसेच आहे. २० मीटर त्रिज्येचे वळण कोरड्या रस्त्यावर ताशी ४० ने घेता येते, बर्फावर मात्र १६ च्या पुढे गाडी बाहेर घसरते. कोरड्या रस्त्यावर गाडी ३५ अंशांपर्यंत कलती करता येते, बर्फावर सहा अंशही जास्त होतात.

सर्वांत अवघड असतो उतार. शंभर मीटरमध्ये दहा मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि ०.१ गुणांकाची पकड जवळजवळ सारखी होते. अशा ठिकाणी ब्रेक कितीही कौशल्याने दाबला तरी गाडी थांबत नाही. म्हणून चढून गेलेला रस्ता उतरता येईलच असे धरून चालत नाही, आणि खिंडीत किती वाजता पोहोचायचे याचा हिशेब उतरणीवरून मांडावा लागतो.

बर्फ सगळीकडे सारखा नसतो. दिवसा उन्हाने कडेचे हिम वितळते, पाणी रस्त्यावर पसरते आणि ऊन सरताच गोठते. सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर धोका वाढतो तो यामुळे. डोंगराच्या सावलीतली वळणे दिवसभर गोठलेली राहू शकतात. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते, त्यामुळे तो बाकीच्या रस्त्याआधी गोठतो. रस्ता ओलांडणाऱ्या नाल्यांच्या जागाही तितक्याच फसव्या. पातळ, पारदर्शक थराखालून डांबर जसेच्या तसे दिसते. यालाच ब्लॅक आइस म्हणतात. रस्ता ओला दिसतो, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून तुषार उडत नाहीत, हे त्याचे एक लक्षण. शून्याच्या अगदी जवळचे तापमान विशेष वाईट, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ त्या मानाने कमी निसरडा असतो.

हिवाळ्यात कोणता रस्ता उघडा असतो, हेही आधी पाहावे लागते. बारालाचा खिंडीवरून जाणारा मनाली-लेह रस्ता हिवाळ्यात बंद होतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ९ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगची चढण टळली आहे, तरी बोगद्याच्या दोन्ही तोंडांजवळचे रस्ते गोठतात. हिमवृष्टीनंतर तिथे बहुधा फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेली वाहनेच सोडली जातात. दुचाकीस्वाराने अशा वेळी मुक्काम वाढवणे हेच योग्य.

गाडीच्या तयारीत पहिला क्रमांक टायरचा. नेहमीच्या टायरचे रबर सुमारे ७ अंशांखाली कडक होऊ लागते. खोल नक्षीचे टायर भुसभुशीत हिमात रुततात आणि पकड देतात, पण टणक बर्फावर नक्षीचा फारसा उपयोग होत नाही. तिथे धातूचे खिळे किंवा साखळीच लागते. थंडीत टायरमधली हवाही आकसते: तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पीएसआय कमी होतो. त्यामुळे दाब मुक्कामाच्या ठिकाणी, थंड टायरवर तपासतात. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, हा मोठा आधार आहे. मात्र तो पकड निर्माण करत नाही, थांबायचे अंतर लांबच राहते. युरोपात हिवाळी स्वारीसाठी साइडकार वापरतात ती तोलासाठी: तिसरे चाक असले की घसरलेली गाडी आडवी होत नाही. १९५६ पासून जर्मनीत भरणाऱ्या ‘एलेफांटेनट्रेफन’ या हिवाळी मेळाव्यात अशा गाड्या हमखास दिसतात.

चालवण्याचे तंत्र एका तत्त्वावर उभे आहे: कोणताही बदल हळूहळू करायचा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सावकाश सोडून हलवतात, म्हणजे मागचे चाक जागच्या जागी फिरत नाही. वेग बर्फ लागण्याआधीच, कोरड्या पट्ट्यावर कमी करतात. बर्फावर गेल्यावर गाडी सरळ उभी ठेवून, थ्रॉटल स्थिर धरून पार व्हायचे. ब्रेक, वळण आणि गिअरबदल टाळायचे. पुढचे चाक लॉक झाले की दिशा आणि तोल दोन्ही एकदम जातात. म्हणून ब्रेक लावावाच लागला तर मागचा, तोही हलका. खालच्या गिअरमध्ये थ्रॉटल झटक्यात सोडला तर इंजिनच मागचे चाक रोखते. चाक सरकू लागले की क्लच दाबून ते मोकळे करतात. चाकोरीतला गुळगुळीत बर्फ टाळून कडेचे ताजे हिम किंवा खडी निवडणे चांगले, मात्र दरीची कड सोडून. चालण्याच्या वेगाने जाताना दोन्ही पाय खाली सोडून आधार घेतात.

थंडी स्वारालाही कमकुवत करते. शून्य अंशाला ताशी ४० ने जाताना उघड्या त्वचेला उणे ७ इतकी थंडी जाणवते. बधिर बोटांना ब्रेकचा दाब मोजून मापून देता येत नाही. वारा अडवणारे हातमोजे, हँडलवरची आवरणे, गरम होणाऱ्या ग्रिप आणि कोरडे मोजे ही म्हणून सुरक्षिततेचीच साधने आहेत. सतत थरथर, अडखळणारी बोली किंवा गोंधळ दिसला की शरीराचे तापमान घसरत आहे असे समजून थांबावे, ओले कपडे बदलावेत आणि ऊब घ्यावी.

गाडी पडलीच, तर हँडल सोडून देणे आणि तिच्यापासून वेगळे होणे हिताचे; घसरती गाडी पाय अडकवून दरीकडे नेऊ शकते. उठल्यावर आधी रस्त्याबाहेर, डोंगराच्या बाजूला जावे आणि मागच्या वाहनांना वळणाच्या बऱ्याच आधी इशारा द्यावा. तीही त्याच बर्फावरून येत असतात आणि त्यांनाही पटकन थांबता येत नाही. गाडी उचलण्याचे काम त्यानंतरचे.