थळचे जड पाणी आणि भारताची अणुवीज

अलिबागजवळच्या थळला खताचा मोठा कारखाना आहे, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच्याच शेजारी जड पाणी तयार करणारा प्रकल्प आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. अमोनियासाठी लागणारा हायड्रोजनयुक्त वायू खत कारखान्यातून या प्रकल्पात येतो, आपल्यातला ड्युटेरियम येथे सोडतो आणि पुन्हा खताच्या कामाला जातो. ड्युटेरियम म्हणजे हायड्रोजनचाच दुप्पट वजनाचा भाऊबंद. निसर्गात साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे तो जेमतेम एक सापडतो. त्याच्यापासून बनलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे दहा टक्के जड असते. भारताची बरीचशी अणुवीज या पाण्यावर उभी आहे.

जगात आज सुमारे 440 अणुभट्ट्या चालू आहेत. जगाच्या एकूण विजेपैकी नऊ टक्क्यांच्या आसपास वीज त्यांतून येते. त्यांतल्या बहुतेक भट्ट्यांत साधेच पाणी वापरतात. युरेनियम-235 चे केंद्रक फुटले की वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांचा वेग मंदावला, तरच ते पुढची केंद्रके सहज फोडतात. साधे पाणी त्यांना मंदावते खरे, पण मंदावता मंदावता बरेच न्यूट्रॉन गिळूनही टाकते. ही तूट भरून काढण्यासाठी इंधनातच युरेनियम-235 चे प्रमाण तीन ते पाच टक्क्यांपर्यंत वाढवावे लागते. खाणीतल्या युरेनियममध्ये ते फक्त 0.7 टक्के असते. हे समृद्धीकरण अवघड आहे, खर्चिक आहे आणि त्याच वाटेने बॉम्बचे इंधनही मिळत असल्याने ते तंत्र सहजासहजी कोणी कोणाला देत नाही. जड पाणी मात्र न्यूट्रॉन फारच कमी शोषते. त्यामुळे खाणीतले युरेनियम समृद्ध न करताही चालते.

भारताच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार होमी भाभा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाट निवडली, त्यामागे आणखी एक व्यवहारी कारण होते. साध्या पाण्याच्या अणुभट्टीला जाड पोलादाचे एकच अवाढव्य दाबपात्र लागते. ते घडवण्याची क्षमता तेव्हा आपल्या उद्योगांकडे नव्हती. जड पाण्याच्या भट्टीत हे एक पात्र नसते. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या शेकडो नळ्या असतात आणि दाब त्या पेलतात. 220 मेगावॅटच्या भट्टीत अशा 306 नळ्या, आणि प्रत्येकीत हाताएवढ्या लांबीच्या इंधनजुड्या. भट्टी चालू असतानाच एका टोकाने नवी जुडी सरकवायची, दुसऱ्या टोकाने वापरलेली काढून घ्यायची. कारवारजवळच्या कैगा येथील पहिली अणुभट्टी 2018 अखेरपर्यंत सलग 962 दिवस चालली. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता, आणि इंधन बदलण्यासाठी थांबावे लागत नसल्यामुळेच तो शक्य झाला.

या निवडीची खरी किंमत 1974 नंतर कळली. पोखरणच्या अणुचाचणीनंतर कॅनडाने राजस्थानातील रावतभाटाच्या जड पाण्याच्या भट्टीचे काम अर्धवट सोडले. आपल्या अभियंत्यांनी ते पूर्ण केले. 1969 मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, समृद्ध इंधनावरच्या. अमेरिकेने हात आखडता घेतल्यावर त्यांच्यासाठी फ्रान्स, चीन, रशिया असे दरवाजे ठोठावावे लागले. स्वदेशी भट्ट्यांवर ती पाळी आली नाही. पण देशातले युरेनियमही तुटपुंजे होते. 2008 च्या सुमारास इंधनाअभावी भट्ट्या निम्म्याच्या आसपास क्षमतेने चालत होत्या. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निर्बंध सैल झाले आणि त्यानंतर युरेनियमची आयात सुरू झाली. जड पाण्याबाबत चित्र नेमके उलटे आहे. ते आपण अमेरिकेला आणि दक्षिण कोरियालाही विकले आहे.

तरीही देशाच्या विजेत अणुविजेचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे. फ्रान्समध्ये तो दोन तृतीयांशांच्या आसपास असतो. माझ्या मते आपले अडते ते विज्ञानापाशी नाही, बांधकामापाशी. गुजरातेतील काक्रापारच्या 700 मेगावॅटच्या तिसऱ्या अणुभट्टीचे काम 2010 मध्ये सुरू झाले आणि तिची व्यावसायिक वीज 2023 मध्ये मिळू लागली. श्रीमंत देशांचीही हीच गत आहे. फिनलंडच्या ओल्किलुओटो येथील तिसऱ्या भट्टीला 2005 ते 2023 अशी अठरा वर्षे लागली. चीन मात्र पाच-सहा वर्षांत भट्टी उभी करतो. एकामागून एक भट्ट्या बांधत राहिल्याने तिथले कारागीर आणि कारखाने रिकामे बसत नाहीत.

घाईतही एक गोष्ट विसरून चालणार नाही. भट्टी बंद केल्यावरही इंधनातून उष्णता निघतच राहते, सुरुवातीला पूर्ण औष्णिक क्षमतेच्या सहा-सात टक्के. 700 मेगावॅट विजेसाठी भट्टीत त्याहून कितीतरी अधिक उष्णता निर्माण होत असते, त्यामुळे अशा भट्टीत याचा अर्थ शंभर मेगावॅटहून अधिक उष्णता असा होतो. फुकुशिमात 2011 मध्ये हीच उष्णता काढून नेता आली नाही. म्हणून आपल्या नव्या भट्ट्यांत वीज गेली तरी आपोआप थंडावा देणारी व्यवस्था ठेवली आहे. ती काय आहे, कशी चालते, हे प्रकल्पाशेजारच्या गावांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणे सरकारचे कर्तव्यच आहे. जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाजवळच्या लोकांचे प्रश्न रास्त होते आणि आजही आहेत.

सरकारने 2047 पर्यंत एक लाख मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले आहे. आजची क्षमता नऊ हजारांच्याही आत आहे आणि तेवढी उभी करायला आपल्याला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. आता दरवर्षी सुमारे चार हजार मेगावॅटची भर पडायला हवी. त्यामुळे परदेशी भट्ट्यांच्या वाटाघाटींत आणखी वर्षे घालवण्यापेक्षा, 2017 मध्ये मंजूर झालेल्या 700 मेगावॅटच्या दहा स्वदेशी भट्ट्या आधी पुऱ्या कराव्यात.